चोरीचा माल तुमच्याकडे सापडला तर: कोर्ट काय धरून चालतं आणि तुम्ही काय करायचं

वस्तू तुमच्याकडे सापडली म्हणून तुम्ही चोर, असं कायद्यात कुठंच लिहिलेलं नाही. पण वस्तू चोरीला गेल्यावर थोड्याच दिवसांत ती तुमच्याकडे मिळाली आणि "कुठून आणली" याचं धड उत्तर तुम्हाला देता आलं नाही, तर कोर्ट असं धरून चालू शकतं की एकतर तुम्हीच चोरली, नाहीतर चोरीची आहे हे माहीत असून घेतली. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ११४ खालच्या पहिल्याच उदाहरणात होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात तो कलम ११९ मध्ये जवळपास जसाच्या तसा उचललाय. त्यामुळं जुने निकाल आजही कामाचे आहेत, कलमांचे नंबर बदलले म्हणून घाबरून जाऊ नका.

सेकंडहॅन्ड मोबाईल घेणारे, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारे, सराफ, भंगारवाले, आणि ज्यांच्या घरातल्या एखाद्या पोराला पोलिसांनी अचानक बोलावून नेलंय, अशा सगळ्यांना हे माहीत असलेलं बरं. फिर्यादी असाल तरी वाचा, कारण केस सुटते ती बऱ्याचदा तुमच्या फिर्यादीतल्याच ढिसाळपणामुळं.

आधी नियम नीट समजून घ्या

पहिली गोष्ट, कोर्टाला ही मुभा आहे, सक्ती नाही. परिस्थिती बघून कोर्ट तसं धरेल किंवा धरणारही नाही. आणि कायद्याने स्वतःच याची दुसरी बाजू दाखवलीय, ती फार मस्त आहे: एका दुकानदाराच्या गल्ल्यात खूण केलेला चोरीचा रुपया सापडला, तो रुपया नेमका कुणी दिला हे त्याला सांगता येत नाही, पण त्याच्याकडे दिवसभर रुपये येतच असतात. मग त्याला चोर धरायचं का? कायदा म्हणतो, ही गोष्टही लक्षात घ्या. म्हणजे वस्तू कसली आहे, ती हातोहात फिरणारी आहे का, आणि ज्याच्याकडे सापडली त्याचा धंदा काय, हे सगळं बघितलं जातं.

दुसरी गोष्ट, कोर्टाने असं धरलं तरी गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारी पक्षावरच राहते. तुम्हाला तुमचं म्हणणं शंभर टक्के सिद्ध करून दाखवायचं नसतं, ते पटण्यासारखं असलं, खरं असू शकेल इतपत असलं की भागतं. मग ते खोटं आहे हे त्यांनी दाखवायचं.

तिसरी, या नियमाला दोन तोंडं आहेत, चोर किंवा चोरीचा माल घेणारा. भारतीय न्याय संहितेत (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) साध्या चोरीला कलम ३०३, घरातल्या चोरीला ३०५ (यात सात वर्षांपर्यंत शिक्षा), आणि चोरीचा माल घेण्याला कलम ३१७. जुन्या भाषेत ३७९, ३८० आणि ४११. माल घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण माल दरोड्यातला आहे हे माहीत असताना घेतला, किंवा कुणी असा माल घ्यायचा धंदाच करत असेल, तर हेच प्रकरण जन्मठेपेपर्यंत जातं. एकाच मालासाठी चोर आणि घेणारा अशा दोन्ही शिक्षा सहसा लागत नाहीत, कारण स्वतःच चोरलेली वस्तू माणूस स्वतःकडून कशी घेणार. आरोप मात्र पर्यायी म्हणून दोन्ही लावता येतात. आणि घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर गुन्ह्याची कलमं जुन्या दंड संहितेचीच लागतात, हे एफआयआरमध्ये तपासून घ्या.

वस्तू घेण्याआधी

हे पटकन सांगतो कारण काम पाच मिनिटांचं आहे आणि तरी लोक करत नाहीत. मोबाईल असेल तर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय नंबर (फोनचा ओळख क्रमांक) काढायचा, आणि केवायएम लिहून स्पेस देऊन तो पंधरा आकडी नंबर १४४२२ ला एसएमएस करायचा. फोन ब्लॅकलिस्टेड असला तर कळतं. संचार साथी पोर्टलवरही ही सोय आहे. उत्तराचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा, ही गोष्ट महत्त्वाची. गाडीचं आरसी बुक आणि प्रत्यक्ष चेसिसवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा, नुसता फोटो बघून पैसे देऊ नका, आणि गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ नि ३० वर सह्या घेतल्याशिवाय गाडी हलवू नका. दागिना असेल तर मूळ बिल मागा, हॉलमार्कचा सहा अक्षरी एचयूआयडी बीआयएस केअर अॅपवर टाकून बघा. जुन्या दागिन्याला तो नसतो, मग विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि सही घ्याच.

पैसे रोख देऊ नका. यूपीआयने गेलेले शंभर रुपयेसुद्धा पुढं तुमचा साक्षीदार होतात, कारण त्यात तारीख, वेळ आणि समोरच्याचं नाव तिन्ही येतं.

पोलिसांचा फोन आला तर

"तुमच्याकडचा मोबाईल चोरीचा आहे, घेऊन या" असा फोन येतो. इथं लोक दोन प्रकारे वागतात, एक म्हणजे घाबरून सिमकार्ड काढून फोन कुठंतरी टाकून देतात किंवा घाईघाईत दुसऱ्याला विकून मोकळे होतात, आणि दुसरे धावत जाऊन पोलीस सांगतील तिथं सह्या करून येतात. दोन्ही वाईट, पण पहिलं जास्त वाईट. वस्तू लपवली, टाकली, विकली की "मला माहीत नव्हतं" हे म्हणणं संपलं, कारण माहीत नसलेला माणूस लपवेल कशाला असं कोर्ट विचारणारच. शिवाय चोरीचा माल लपवायला किंवा विल्हेवाट लावायला मदत करणं हा ३१७ मध्येच वेगळा गुन्हा आहे.

मग करायचं काय, तर आधी वस्तू आहे तशी ठेवा, रिसेट मारू नका, नंबर खरवडू नका. मग त्याच दिवशी बसून कागद गोळा करा: विकणाऱ्याशी झालेलं चॅट (पूर्ण एक्स्पोर्ट करा, नुसते सोयीचे स्क्रीनशॉट नको), पेमेंटची नोंद, जाहिरातीची लिंक, कॉल हिस्टरी, भेटलात ती जागा आणि वेळ, तिथं सोबत कोण होतं. सीसीटीव्ही असण्याची शक्यता असेल तर लगेच बघा, कारण फुटेज काही दिवसांत पुसलं जातं आणि नंतर कितीही अर्ज केले तरी मिळत नाही.

पोलिसांना विचारा, नोटीस कुठल्या कलमाची? नागरिक सुरक्षा संहितेच्या (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७९ ची असेल तर तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलंय (बाई, साठीच्या पुढचे, पंधराच्या आतले, आजारी किंवा अपंग माणसाला राहत्या घराशिवाय दुसरीकडे बोलवता येत नाही). कलम ३५(३) ची असेल तर संशयित म्हणून, आणि तिथं हजर राहणं बंधनकारक आहे, नाही गेलात तर अटकेला कारण मिळतं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बजावून सांगितलंय, त्यामुळं नोटीस पाळणाऱ्याला विनाकारण उचलणं पोलिसांनाही अवघड जातं. तरी ३५(३) आली की वकील गाठा. अटकपूर्व जामीन लागेल का हे तो सांगेल.

खुलासा कधी आणि कसा द्यायचा

सगळ्या प्रकरणाचा जीव इथं आहे. गप्प बसायचा हक्क तुम्हाला आहे, राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती करता येत नाही. पण या नियमात "हिशोब देता आला नाही तर" अशी अट आहे, त्यामुळं ज्याच्याकडे खरा, सरळ खुलासा आहे त्याने तो दाबून ठेवण्यात काहीच फायदा नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्याच संधीला दिलेला खुलासा आणि दोन वर्षांनी आरोपीच्या जबाबात पहिल्यांदा काढलेला खुलासा, कागदावर शब्द तेच असले तरी वजन सारखं नसतं.

अडचण अशी की पोलीस तपासात तुमचा जो जबाब लिहून घेतात त्यावर तुमची सही नसते आणि तो तुमच्या बाजूने पुरावा म्हणून फारसा चालत नाही, आणि त्यात "विकत घेतला" ऐवजी काय लिहिलंय हे तुम्हाला कळतही नाही. म्हणून वेगळा लेखी अर्ज द्यावा, आधी वकिलाला दाखवून, आणि दुसऱ्या प्रतीवर पोलीस स्टेशनचा शिक्का मारून पोच घ्यावी. नाही घेतला तर स्पीड पोस्टाने पाठवा, ईमेलही करा. अर्जात कहाणी नको, तपासता येईल असं लिहा. "एका ओळखीच्याकडून घेतला" हे वाक्य निरुपयोगी आहे. त्याऐवजी अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक जागी, या मोबाईल नंबरच्या माणसाकडून, इतक्या रुपयांना, यूपीआयने, हा व्यवहार क्रमांक, असं. पोलिसांना जाऊन बघता येईल असे धागे दिले आणि त्यांनी ते बघितलेच नाहीत, तर उलटतपासात तपासी अंमलदाराला पहिला प्रश्न तोच विचारायचा. दिलेला खुलासा खोटा निघाला तर मात्र तो तुमच्याविरुद्धची आणखी एक कडी होतो. नसेल आठवत तर आठवत नाही म्हणा, रचू नका.

किमतीबद्दलही लिहा. बाजारात वीस हजारांना मिळणारी वस्तू तीन हजारांत, बिल नाही, चार्जर नाही, रात्री रस्त्यावर घेतली, असं असेल तर "चोरीची असावी असं मानायला कारण होतं" हा आरोप चिकटतो, कारण ३१७ मध्ये माहीत असणं एवढंच नाही, मानायला कारण असणंसुद्धा पुरतं. स्क्रीन फुटली होती म्हणून स्वस्त मिळाला असेल तर तसं सांगा आणि दुरुस्तीचं बिल जोडा.

जप्तीच्या वेळी

वस्तू पोलीस घेणार तर पंचनामा होणार. घराची झडती असेल तर त्या भागातले दोन किंवा जास्त स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच लागतात, आणि घरात राहणाऱ्याला झडती बघू द्यावी लागते, यादीची प्रत द्यावी लागते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंगही करायचंय, यादी बनवणं आणि पंचांच्या सह्यांसकट. रेकॉर्डिंग चालू आहे का ते विचारा. विचारताना आवाज चढवू नका, नुसतं विचारा.

पंचनामा वाचल्याशिवाय सही नको. खास करून दागिन्यांच्या पंचनाम्यात बघा, "पिवळ्या धातूची एक चेन" एवढंच लिहिलेलं असतं आणि फिर्यादीत "दोन पदरी सोन्याचं गंठण, वजन अंदाजे अडीच तोळे". या दोन वस्तू एकच आहेत हे मग सिद्ध कसं करणार? वजन केलं का, सराफ बोलावला का, पाकीट सील केलं का, सीलवर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावली का, हे प्रत्येक "नाही" आरोपीच्या पथ्यावर पडतं. आणि फिर्यादीने याच्या उलट करायचं: फिर्याद देतानाच वजन, कडीची दुरुस्ती, घासलेली बाजू, बिल नंबर, लग्नातला गळ्यात घातलेला फोटो, सगळं सांगायचं. चोरी झाल्यावर चार महिन्यांनी पोलीस स्टेशनात टेबलावर ठेवलेली एकुलती एक चेन बघून "हीच माझी" म्हणणं म्हणजे ओळख नव्हे, तशाच दिसणाऱ्या इतर वस्तूंत मिसळून ओळखायला लावलं तर त्याला अर्थ.

"आरोपीने काढून दिला" अशी जप्ती असेल तर अजून एक गोष्ट. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब चालत नाही, त्यातला फक्त तेवढाच भाग चालतो ज्यामुळं वस्तू सापडली. आधी हे पुरावा कायद्याचं कलम २७ होतं, आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ चं परंतुक (कलमाला जोडलेला अपवाद). समजा निवेदन असं आहे, "मी चोरलेली चेन बांधावरच्या बाभळीखाली पुरलीय, ती काढून देतो". यातलं "मी चोरलेली" गळून पडतं, "बाभळीखाली पुरलीय, काढून देतो" राहतं. प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सगळ्यात वरचं अपील कोर्ट) पुलुकुरी कोटय्या प्रकरणात आखून दिलेली ही रेषा आजही तशीच आहे.

कोर्टात काय तपासायचं

मुळात चोरी झाली हे सिद्ध झालंय का? वस्तू तीच आहे का? ती तुमच्या एकट्याच्या ताब्यात होती का? या तीन पायऱ्या चढल्याशिवाय कलम ११९ पर्यंत पोहोचताच येत नाही, आणि खालच्या कोर्टात नेमकं हेच विसरून सगळे थेट "खुलासा दिला नाही" यावर उडी मारतात.

ताब्याचा मुद्दा सगळ्यात जास्त सुटण्यासारखा. चार भाऊ राहतात त्या घराच्या माळ्यावर वस्तू सापडली, किंवा गोठ्यात, किंवा सगळ्यांची ये-जा असलेल्या शेतात, तर ती याच्याच ताब्यात होती कशावरून? त्रिंबक विरुद्ध मध्य प्रदेश या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलं, दागिने निघालेलं शेत उघडं होतं, कुणीही जाऊ शकत होतं, त्यामुळं फक्त जागा दाखवली म्हणून ताबा सिद्ध होत नाही. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली तुमच्या खिशातून निघाली, तर मात्र गोष्ट वेगळी.

मग वेळ. किती दिवसांच्या आत सापडलं तर हा नियम लागतो? आकडा कायद्यात नाही आणि कोर्टांनी मुद्दाम ठरवलेला नाही. रोख पैसे, मोबाईल, सायकल या हातोहात जाणाऱ्या वस्तू, यांच्या बाबतीत काही आठवड्यांतच गृहीतक पातळ होत जातं. विशिष्ट घडणीचे दागिने, नाव कोरलेली भांडी, मोठं मशिन, हे पटापट हात बदलत नाहीत, तिथं जास्त काळ चालतो. तुलसीराम कानू निकालात कोर्टाने सांगितलं की काळ जसजसा जातो तसं गृहीतकाचं स्वरूप बदलत जातं. आणि उलट टोकाचा निकाल म्हणजे १९८३ चा इराभद्रप्पा विरुद्ध कर्नाटक. तिथं दागिने जवळपास वर्षाने मिळाले, तरी वर्ष जास्त नाही असं कोर्ट म्हणालं, कारण आरोपी तेवढे दिवस फरार होता. म्हणजे नुसत्या तारखा मोजून "सहा महिने झाले, सुटलो" असा हिशोब करणाऱ्या वकिलापासून जरा जपून.

चोरीसोबत खून झाला असेल तर? मयताची वस्तू सापडली एवढ्यावर खुनाची शिक्षा देता येत नाही, संवत खान विरुद्ध राजस्थान निकालात ते स्पष्ट आहे, फक्त तेवढाच पुरावा असेल तर चोरी किंवा माल घेणं इथपर्यंतच जाता येतं. पण चोरी आणि खून एकाच घटनेचे तुकडे आहेत असं दाखवणारा बाकीचा पुरावा असला आणि वस्तू तीन-चार दिवसांतच निघाल्या, तर खुनातही शिक्षा कायम राहिलीय, १९९५ चा गुलाबचंद निकाल तसा आहे. तिथं आरोपी म्हणत होता विकत घेतल्या, पण त्याची ऐपतच तेवढी नव्हती.

वस्तूचं आणि पैशांचं पुढं काय

मूळ मालकाने खटला संपायची वाट बघत बसू नये. मुद्देमाल परत मिळण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, बिल किंवा आरसी जोडायची, हमीपत्र द्यायची तयारी दाखवायची. माल पोलीस स्टेशनात सडत ठेवू नका, फोटो आणि पंचनामा करून परत द्या, हे सुप्रीम कोर्टाने सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलं होतं, आणि आता कायद्यातच कोर्टाने चौदा दिवसांत मुद्देमालाचं विवरण तयार करायचं, फोटो किंवा व्हिडिओ काढायचे आणि त्यापुढं तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा अशी मुदत आलीय. मुदत उलटली तर अर्जात तीच दाखवा.

प्रामाणिकपणे विकत घेणाऱ्याचं मात्र कडू आहे. वस्तू त्याला मिळत नाही, कारण १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम २७ प्रमाणे विकणाऱ्याची मालकीच नव्हती तर घेणाऱ्याकडे कुठून येणार. पैशांसाठी विकणाऱ्यावर दिवाणी दावा हा एक रस्ता, लांबचा. दुसरा रस्ता फार कमी लोकांना माहीत आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९९ (आधीचं ४५३). चोर किंवा माल घेणारा दोषी ठरला, त्याला पकडताना त्याच्या अंगावर रोख रक्कम मिळाली होती, आणि तुम्ही माहीत नसताना त्याच्याकडून वस्तू घेतली होती हे सिद्ध झालं, तर वस्तू मूळ मालकाला परत केल्यावर त्या रकमेतून तुम्ही दिलेल्या किमतीपर्यंतचे पैसे तुम्हाला द्यायचा आदेश कोर्ट करू शकतं. तुम्ही स्वतः अर्ज करावा लागतो, कुणी आपणहून देत नाही. म्हणून अटकेच्या वेळच्या अंगझडतीच्या पंचनाम्यात किती रोकड लिहिलीय ते आधीच नकलेचा अर्ज टाकून बघून ठेवा, आणि खटला निकालाला आला की तारखांवर लक्ष ठेवा.